वाचनयंत्राचा कारभारी

(कोजागिरीच्या संध्याकाळी मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)

दूध आटायला अजून अवकाश आहे, असं स्वयंपाकघरातून कळलं आहे. तोवर आमचं बोलणं आटपेल.

उन्हाळ्यात ग्रंथालय समितीच्या बैठकीत एक प्रश्न निघाला. पुस्तकखरेदीसाठी आपण दरवर्षी जी रक्कम ठेवतो, तिच्यातून या वेळी पुस्तकांऐवजी ई-पुस्तकं वाचायची पाच यंत्रं घ्यावीत का? पाच यंत्रांत हजारो पुस्तकं मावतील. कपाट नको, वाळवी नको, जागेची ओरड नको. सुचवणारे तरुण होते, ऐकणारे ज्येष्ठ होते, आणि आम्हांला दोघांचंही पटत होतं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आहे एवढ्या एका पुराव्यावर काम आमच्या गळ्यात पडलं. ‘चौकशी करा आणि कोणतं घ्यावं ते सांगा.’ आम्ही किमती विचारायला निघालो आणि भलत्याच गल्लीत शिरलो. त्या गल्लीची हकीकत आज सांगायची आहे. मध्ये मध्ये हिंदी शब्द आले तर सांभाळून घ्या. लष्करात वाढलेल्यांची मराठी तेवढी शुद्ध राहत नाही.

आधी घरचं सांगतो, कारण या यंत्राची ओळख आम्हांला घरातच झाली. आमच्याकडे पुस्तकं यायची ती पुण्याहून. आत्या किंवा काका झेलमनं किंवा गोवा एक्स्प्रेसनं येणार, आणि त्यांच्या बॅगेत अप्पा बळवंत चौकातून घेतलेली चार-पाच पुस्तकं असणार. दिवाळी अंक टपालानं, बहुधा देवदिवाळी उलटल्यावर. आईनं त्यावर पन्नास वर्षं काढली. मग मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली, आणि तरीही बारीक टाइप तिला दिसेना. भिंग धरून वाचायची, हात दुखला की ठेवून द्यायची. तेव्हा भाच्यानं एक किंडल आणून दिलं. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं हे कळल्यावर पहिल्या आठवड्यात तिनं दोन कादंबऱ्या संपवल्या. म्हणजे या यंत्राच्या विरुद्ध बोलायला आम्ही उभे राहिलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

या यंत्राचा पडदा फोनसारखा नसतो. त्यात अतिशय सूक्ष्म कुप्या असतात, आणि प्रत्येक कुपीत पांढरे नि काळे कण. विजेचा इशारा मिळाला की काळे वर येतात किंवा पांढरे वर येतात. एकदा पान उमटलं की ते तसंच राहतं, धरून ठेवायला वीज लागत नाही. वीज खर्च होते ती मुख्यतः पान उलटताना. म्हणून एकदा चार्ज केलं की आठवडेच्या आठवडे चालतं. हा पडदा करणारी ई-इंक ही कंपनी १९९७ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधून निघाली, २००९ मध्ये तैवानच्या कंपनीनं ती विकत घेतली, आणि आज बहुतेक सगळ्या वाचनयंत्रांत तिचाच पडदा असतो. पडदा सगळ्यांचा एकच असेल, तर यंत्रांत फरक कशाचा? तो आतल्या कारभाऱ्याचा.

ऑपरेटिंग सिस्टिमला आम्ही कारभारी म्हणतो. ग्वाल्हेरकरांना हे समजावून सांगायला नको. सरदारांच्या वाड्यात देवडीवर कोण अडवायचं, कुणाला दिवाणखान्यात घ्यायचं आणि कुणाला ओसरीवरूनच वाटेला लावायचं, कोठीची किल्ली कुणाकडे, हे सगळं कारभारी बघायचा. सरदार दिसायचे दसऱ्याला. यंत्रातही तसंच. पडदा, बटण, बॅटरी, साठवण, इंटरनेट, सगळ्यांवर याची देखरेख. कोणतं पुस्तक उघडायचं, कोणत्या दुकानातून आणायचं, कोणत्या लिपीतलं अक्षर जोडायचं, हेही तोच ठरवतो.

आता कंपन्यांनी कारभारी कसे निवडले ते बघू. सोनीनं २००४ साली जपानमध्ये लिब्रिए नावाचं यंत्र काढलं. यंत्र सुरेख होतं, पण विकत घेतलेलं पुस्तक साठ दिवसांनी बंद पडायचं. लोकांनी पाठ फिरवली, यात नवल नाही. २००६ मध्ये सोनीनं अमेरिकेत दुसरं यंत्र आणलं. १९ नोव्हेंबर २००७ रोजी अॅमेझॉनचं पहिलं किंडल ३९९ डॉलरला आलं आणि साडेपाच तासांत सगळा साठा संपला. २००९ च्या अखेरीस बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्यांनी नूक काढलं, २०१० मध्ये कॅनडातून कोबो आलं. किंडल आणि कोबो यांच्या पोटात लिनक्स, नूकच्या पोटात अँड्रॉइड, आणि अँड्रॉइडच्या तळाशी पुन्हा लिनक्सच.

सगळे एकाच दाराशी का गेले? एक कारण साधं आहे. लिनक्स फुकट मिळतं, यंत्रामागे कुणाला परवान्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. शिवाय त्यातला नको तो भाग छाटून टाकता येतो, आणि बहुतेक वेळ झोपूनच राहणाऱ्या यंत्राला असा हलका कारभारी मानवतो. पण व्यापाऱ्यांच्या दृष्टीनं मोठं कारण वेगळं आहे. फुकट कारभाऱ्याला स्वतःचं दुकान नसतं. दुसऱ्या कंपनीचा कारभारी ठेवला, तर तो तिच्या दुकानाची पाटी आणून आपल्याच वाड्यावर लावणार.

अॅपलच्या फोनवर हे उघड दिसलं. फोनमधल्या अॅपमधून पुस्तक विकायचं तर ३० टक्के अॅपलला द्या, नाहीतर अॅपमध्ये दुकानाचा रस्ताही दाखवू नका, असा नियम आला. २०११ च्या जुलैमध्ये आयफोनवरच्या किंडल अॅपमधलं दुकानाचं बटण गेलं. २०२२ मध्ये गूगलच्या पैसे घेण्याच्या नियमामुळे अँड्रॉइडवरच्या अॅपमधली खरेदीही बंद झाली. परक्याच्या जागेत दुकान मांडलं की असं भाडं बसतं. म्हणून अॅमेझॉनला स्वतःचं यंत्र हवं होतं, यंत्रात स्वतःचा कारभारी हवा होता. त्यांनी लिनक्स घेतलं, आणि वर वाचण्याचा भाग स्वतःचा बसवला. लिनक्सचा भाग त्याच्या परवान्याप्रमाणे ते सगळ्यांसाठी खुला ठेवतात. वरचा भाग मात्र बंद. २०११ साली त्यांनी रंगीत किंडल फायर १९९ डॉलरला काढलं, तेव्हा तर गूगलचं अँड्रॉइडच घेतलं आणि त्यातून गूगलचं दुकान काढून टाकलं. गूगलनं रांधलं आणि अॅमेझॉननं आपल्या पंगतीत वाढलं.

यंत्राच्या विक्रीतून यांना फारसं सुटत नाही. २०१२ मध्ये जेफ बेझोस यांनी स्वतःच सांगितलं होतं की किंडल ते साधारण खर्चाच्याच किमतीला विकतात. कमाई पुस्तकांवर. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत पडद्यावर जाहिराती चालवून घ्यायला तयार असलेल्यांना १३९ डॉलरचं किंडल ११४ ला मिळत होतं. आमच्या कचेरीत शाईचे प्रिंटर आहेत, त्यांचं गणित हेच. प्रिंटर स्वस्तात येतो, आणि मग कार्ट्रिजच्या बिलावर सही करताना साहेब आमच्याकडे बघतात.

ज्यांना दुकान आणि कारभारी दोन्ही जमवता आले नाहीत, ते मागे पडले. सोनीनं २०१४ मध्ये अमेरिकेतलं पुस्तकांचं दुकान बंद करून गिऱ्हाइकं कोबोकडे सोपवली. मायक्रोसॉफ्टनं २०१२ मध्ये नूकच्या धंद्यात ३० कोटी डॉलर घालायचं ठरवलं. विंडोजला पुस्तकं हवी होती आणि नूकला आधार. २०१४ च्या डिसेंबरात ते लग्न मोडलं. पुढे मायक्रोसॉफ्टनं स्वतःचं पुस्तकांचं दुकान काढलं आणि २०१९ मध्ये तेही बंद केलं. त्या जुलैत लोकांची घेतलेली पुस्तकं नाहीशी झाली. पैसे परत मिळाले, हे खरं. ज्यांनी पानांवर टिपा लिहिल्या होत्या, त्यांना वर २५ डॉलर मिळाले. पण मार्जिनमधल्या त्या टिपा गेल्या त्या गेल्याच.

आता आपल्याकडे येऊ. भारतात २०१० साली अहमदाबादच्या इन्फीबीमनं पाय नावाचं वाचनयंत्र ९,९९९ रुपयांना काढलं होतं. त्यात भारतीय लिप्या दिसत. कल्पना चांगली होती, पण यंत्रामागे मोठं दुकान उभं राहिलं नाही. फ्लिपकार्टनं २०१२ मध्ये ई-पुस्तकं विकायला घेतली आणि २०१५ च्या अखेरीला तीही गिऱ्हाइकं कोबोकडे गेली. किंडल २०१२ च्या ऑगस्टमध्ये भारतात ६,९९९ रुपयांना मिळू लागलं. मराठी पुस्तकं तिथे आली २०१६ च्या डिसेंबरात, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळम यांच्या जोडीनं. मध्ये चार वर्षं गेली.

इथे आम्ही अडखळलो. पुस्तक म्हणजे अक्षरं, अक्षरं म्हणजे फॉन्ट, फॉन्ट टाकला की झालं, अशी आमचीही समजूत होती. देवनागरीत तसं होत नाही. ‘कि’ लिहिताना वेलांटी क च्या आधी दिसते, पण साठवली जाते नंतर. ‘क्ष’ मध्ये तीन चिन्हं मिळून एक आकृती होते. हे जुळवणारा वेगळा भाग कारभाऱ्याजवळ असावा लागतो. तो नसेल तर काना-मात्रा मोडून पडलेलं पान दिसतं. आणि तो भाग कधी घालायचा, हे यंत्राचा मालक आपल्या हिशेबानं ठरवतो. कारभारी बंद वाड्यातला असेल, तर बाहेरच्या माणसाला तो घालता येत नाही. तोवर साध्या अँड्रॉइड फोनवर मराठी नीट दिसू लागलं होतं. म्हणून मराठी ई-पुस्तक वाढलं ते फोनवर. पुण्याच्या बुकगंगाचं अॅप, डेलीहंट हे त्या काळातले. २०१७ पासून स्टोरीटेलवर मराठी पुस्तकं ऐकायचीही सोय झाली. आमच्या मते डोळ्यांना आराम देणारा पडदा आणि मराठी पुस्तक यांची चुकामूक तेव्हा झाली ती अजून पुरती मिटलेली नाही.

दुसरी अडचण प्रकाशकांकडची, आणि ती आमच्या फार ओळखीची निघाली. मध्य प्रदेशातल्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षं कृतिदेव फॉन्टमध्ये टंकलेखन झालं. फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडली आणि तिथे कृतिदेव नसला, की आदेशाच्या जागी रोमन अक्षरं आणि कंसांचा कचरा. कारण कृतिदेवनं आत साठवलेली असतात रोमन अक्षरंच, त्यांना फक्त देवनागरीचे कपडे घातलेले असतात. मराठी छपाईत श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांचं तसंच. पुण्या-मुंबईत काही दशकं पुस्तकं अशा फॉन्टमध्ये जुळवली गेली. छापून आली, उत्तम दिसली. पण वाचनयंत्राला ती मराठी आहेत हे कळत नाही. आधी युनिकोडमध्ये बदलायची, मग पुन्हा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तपासायची. हा खर्च प्रकाशकाच्या डोक्यावर, आणि मराठी पुस्तकाची आवृत्ती केवढी असते ते आपण जाणतो.

तपासायची का, ते आपल्याच मंडळातल्या उदाहरणावरून सांगतो. आपली जुनी स्मरणिका आम्ही युनिकोडमध्ये बदलून पाहिली. आभाराच्या पानावर महाप्रसादाच्या स्वयंपाकाबद्दल आचाऱ्यांचे आभार मानले होते. बदलून आलं ‘आचार्यांचे आभार’. आपल्या आचाऱ्यांना पदवी मिळाली. मराठीतला हा आडवा र हिंदीला लागत नाही, म्हणून हिंदीसाठी केलेल्या साधनांना तो पुष्कळदा कळत नाही. दर्या आणि दऱ्या यांत फरक आहे हे आपल्याला कळतं, यंत्राला ते सांगावं लागतं.

तिसरी गोष्ट कुलपाची. २००९ च्या जुलैमध्ये अॅमेझॉननं लोकांच्या किंडलमधून जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं परस्पर काढून घेतली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणे. पैसे परत दिले, पुढे बेझोस यांनी माफीही मागितली. पण रात्रीतून घरात शिरून कपाटातलं पुस्तक नेता येतं, हे तेव्हा जगाला कळलं. २६ फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची घेतलेली पुस्तकं संगणकावर उतरवून ठेवायची सोयही त्यांनी बंद केली. आमच्या घरची गोष्ट यापेक्षा लहान आहे. एका दुकानाच्या अॅपमधून आम्ही आईसाठी वीसेक पुस्तकं घेतली होती. फोन बदलला आणि अॅप नव्या फोनवर उघडेना. पत्रं लिहिली. पहिल्याला उत्तर आलं की लवकरच सुधारू, दुसऱ्याला आलंच नाही. जुना फोन अजून ठेवला आहे. बॅटरी फुगली आहे, तरी आई कधीतरी तो लावून बसते, कारण तिची एक कादंबरी त्यात अर्धी राहिली आहे.

आता मंडळापुरता प्रश्न. कागदाचं पुस्तक आपण विकत घेतलं की ते आपलं झालं. नोंदवहीत सही करून ते दौलतगंजातून मुरारला जातं, तिथून शिंद्यांच्या छावणीत जातं, महिन्यानं परत येतं. कधी येत नाही, ते सोडा. या बंद दुकानांचं ई-पुस्तक विकत घेताना मिळतो तो वैयक्तिक वापराचा परवाना, एका खात्यावर. पाच यंत्रं घेऊन शंभर सभासदांत फिरवायची, हे त्या अटींत बसत नाही. आणि खातं कुणाच्या नावानं काढायचं? आपले सचिव दर दोन वर्षांनी बदलतात.

उघडी यंत्रंही मिळतात. ओनिक्स कंपनीचं बूक्स हे तसं आहे. पडदा ई-इंकचा, कारभारी अँड्रॉइड, आणि हवं ते अॅप घालायची मोकळीक. त्यावर किंडलचंही अॅप चालतं, बुकगंगाचंही. पण अँड्रॉइड खादाड असल्यामुळे बॅटरी लवकर उतरते, किंमत जास्त पडते, आणि काही वर्षांनी अँड्रॉइड जुनं झालं की नवी अॅप चालत नाहीत. आमच्या फोनसारखीच गत. दोष नसलेलं यंत्र आम्हांला सापडलं नाही.

तेव्हा समितीला आम्ही लेखी कळवलं ते असं. पाच यंत्रं घेऊ नयेत. मोठ्या पडद्याचं एकच उघडं यंत्र घ्यावं, ज्यांना बारीक टाइप दिसत नाही त्यांच्यासाठी, पंधरा-पंधरा दिवस घरी न्यायला. मोठा पडदा अशासाठी की फुकट मिळणारं पुष्कळसं मराठी साहित्य पीडीएफमध्ये आहे, आणि लहान पडद्यावर पीडीएफचं पान जसंच्या तसं आकसतं, अक्षर मोठं करून ओळी पुन्हा लागत नाहीत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं आहेत, राज्य मराठी विकास संस्थेनं ठेवलेले दुर्मीळ ग्रंथ आहेत, ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं आहेत. यांना कुलूप नाही. उरलेल्या रकमेची कागदाचीच पुस्तकं घ्यावीत. यावर समितीत एकमत नाही. दोन तरुण सभासदांना आम्ही जुन्या वळणाचे वाटतो, आणि त्यांनी ते तोंडावर सांगितलं आहे. ज्यांना घरी किंडल घ्यायचं आहे त्यांनी खुशाल घ्यावं, आमची आई वापरतेच आहे.

दुसरी सूचना कामाची आहे, आणि तिला पैसे फारसे लागत नाहीत. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्यानं प्रसिद्ध केलेल्या साहित्यावरचा हक्क संपतो. ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे १९४१ च्या डिसेंबरात इथेच वारले. म्हणजे २००२ पासून त्यांची कविता सगळ्यांची आहे. ती ईपब या खुल्या साच्यात, युनिकोडमध्ये, नीट तपासून आपणच तयार करू शकतो. कोबो, बूक्स, फोन सगळीकडे ते उघडतं, आणि २०२२ पासून किंडलही पाठवलेलं ईपब स्वीकारतं. कारभारी कुणाचाही असो.

आणि आपल्या स्मरणिका? कपाटातल्या खालच्या खणात त्यांच्या सीडी आहेत. सगळ्या जुन्या फॉन्टमध्ये आणि पेजमेकरमध्ये. आम्ही अकरा लावून पाहिल्या, चार वाचल्या जात नाहीत. त्या चार वर्षांत कुणाच्या आजोबांनी लिहिलेली वाड्याची हकीकत आहे, कुणाच्या आजीनं सांगितलेली इथली मंगळागौरीची गाणी आहेत. छापील प्रत आहे तोवर ती पुन्हा टाइप करता येईल. एका वर्षाची छापील प्रतही मंडळात नाही. कुणाच्या घरी माळ्यावर असेल तर द्यावी, फोटो काढून त्याच दिवशी परत करू.

काम सुरू झालं आहे. टाइप करायला कॉलेजातली मुलं मिळाली, पण त्यांची मराठी बोलण्यापुरती आहे, आडवा र त्यांना दिसत नाही. तपासायला जुनी माणसं हवीत. टाइप झालेली पानं आम्ही आईच्या यंत्रात घालतो, ती अक्षर मोठं करून वाचते आणि वहीत चुका लिहिते. पहिल्या अंकात तिनं अठ्ठावीस काढल्या, त्यांतल्या नऊ आडव्या र च्या. दर रविवारी चार वाजता इथेच बसतो. चष्मा आणि पेन्सिल घेऊन या, चहा मंडळाचा.

दूध तयार झाल्याची खूण होते आहे. थांबतो.